नत्थूजींचा स्ट्रायकर

नत्थूजी बारापात्रे दर रविवारी फुटबॉलचा सामना बघायला जात, पण मैदानाकडे त्यांचं अर्धंच लक्ष असे. उरलेलं अर्धं लक्ष कडेला मांडलेल्या तीन लोखंडी खुर्च्यांवर असे. त्या खुर्च्यांवर आमच्या क्लबचे अध्यक्ष, सचिव आणि अध्यक्षांची टोपी असे तिघं बसत. अध्यक्ष हाफ टाइमला घरी निघून जात, टोपी मात्र शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबायची. या तिघांना मिळून नत्थूजी ‘मॅनेजमेंट’ म्हणत. हा शब्द त्यांनी कापडाच्या मिलमध्ये काम करणाऱ्या धाकट्या भावाकडून उचलला होता. मिलमध्ये संप झाला की भाऊ घरी येऊन जे काही बोलायचा, त्यातला सगळा राग त्या एका शब्दात तसाच राहिलेला होता.

क्लबचं नाव गरुड इलेव्हन. नागपूरच्या लकडगंजात लाकूड चिरायच्या आरा मशिनींवर काम करणाऱ्या लोकांनी कधीकाळी काढलेला. मी त्यात पडण्याचं काही कारण नव्हतं. मी नगर जिल्ह्यातला, फुटबॉलला कधी पाय न लावलेला माणूस. तिथल्या एका लाकडाच्या डेपोत पत्रव्यवहार सांभाळायला कारकून म्हणून लागलो आणि पहिल्याच आठवड्यात नत्थूजींच्या हाती सापडलो.

नत्थूजी डेपोत मोजणीदार होते. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, कानामागे कायम निळा खडू. जंगलातून आलेले ओंडके ट्रकमधून उतरले की ते प्रत्येकाजवळ जाऊन बोटाच्या पेराने ठकठक वाजवत, मान तिरकी करून ऐकत, आणि टेप लावायच्या आधीच सांगत की हा आतून पोकळ आहे. मग करवत चालली की आत खरोखरच पोकळी निघायची. या बाबतीत डेपोचे मालकही त्यांच्यापुढे बोलत नसत. नत्थूजींचं दुःख एवढंच होतं की लाकडाच्या बाबतीत सगळं गाव त्यांचं ऐकतं आणि माणसांच्या बाबतीत क्लब ऐकत नाही. सालईचं लाकूड हलकं आणि पेट्या-खोक्यांच्या कामाचं, म्हणून जो खेळाडू धक्का लागला की पडतो त्याला ते सालई म्हणत. साग त्यांनी वीस वर्षांत दोघांनाच म्हटलं होतं, आणि त्या दोघांनाही मॅनेजमेंटने दुसऱ्या क्लबात जाऊ दिलं होतं.

पहिल्या सोमवारी मी डबा उघडून बसलो होतो, तर ते समोर येऊन उभे राहिले आणि मला लिहिता येतं का, असं विचारलं. मी म्हटलं, तेच तर माझं काम आहे. त्यांनी कागदाची दोन पानं माझ्यापुढे ठेवली, शेजारच्या ओंडक्यावर बसले आणि सांगायला सुरुवात केली.

“लिही बापू. देवतळे मास्तरले सांग, का तुह्या डोस्क्यात आऱ्याचा भुसा भरला आहे काय? बॅकले पुढं पाठवते अन् फॉरवर्डले मांगं बोलावते. गोलमधी तुहा सासरा थांबून राहिला होता काय?”

देवतळे मास्तर म्हणजे क्लबचे सचिव, शाळेत चित्रकला शिकवणारे अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांना असं कसं लिहायचं? मी थोडा विचार करून लिहिलं, ‘कालच्या सामन्यातील संघरचनेमागील आपली योजना आम्हां सामान्य सभासदांच्या ध्यानी आली नाही. तिचा खुलासा व्हावा, ही नम्र विनंती.’ वाचून दाखवलं. मला वाटलं, चिडतील. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, डोळे मिटून ऐकलं, आणि खूश होऊन म्हणाले की हे तर माझ्यापेक्षा जास्त लागते.

तेव्हापासून सोमवारचा डबा म्हणजे पत्र, हे ठरून गेलं. ते स्वतः चांगले सातवी पास होते, अक्षरही सुरेख होतं. पण आपण लिहिलं की शिवी निघते आणि शिवी दिली की मॅनेजमेंट पत्र फाडते, असा त्यांचा अनुभव होता. माझ्या भाषेतलं पत्र फाडता येत नसे. मास्तर त्याला दर बुधवारी उत्तर पाठवत. ‘आपले पत्र मिळाले. योग्य ती नोंद घेतली आहे.’ खाली क्लबचा शिक्का. नोंद कुठे घेतली, हे मात्र शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

तक्रारींना तोटा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बहुतेक रास्त होत्या. देवतळे मास्तर खेळाडू निवडत ते चित्रकार असल्यासारखे. उंच, बांधेसूद, नाकीडोळी नीटस असा माणूस दिसला की त्याला जर्सी देत. एक गोली त्यांनी केवळ तो फार अदबीने बोलतो म्हणून आणला होता. तो खरोखरच अदबशीर होता. चेंडू आला की बाजूला व्हायचा. अध्यक्ष शेठजींचं आणखी वेगळं. जर्सी, चेंडू, हाफ टाइमचा चहा सगळं त्यांच्याकडून येई, म्हणून सेंटर फॉरवर्डही त्यांच्याकडूनच येई. हा त्यांच्या बहिणीचा जावई होता. केसांचा मोठा कोंबडा काढायचा आणि तो मोडेल म्हणून डोक्याने चेंडू मारायचा नाही. नत्थूजी त्याला जावईबापूच म्हणत. तो मैदानात आला की मोठ्याने विचारत, “पाट मांडला का गा याच्यासाठी?” यावर लोक हसत, जावईबापू लाल होत आणि शेठजी टोपी काढून डोकं पुसत.

नत्थूजी कधी बसून सामना बघत नसत. समोरच्या संघाच्या गोलमागे उभे राहत, कारण आपल्या लोकांनी तिकडेच यायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. आपले लोक तिकडे क्वचित येत. त्यामुळे नत्थूजींना सामना नेहमी लांबून दिसायचा, आणि मॅनेजमेंटपर्यंत पोचायला आवाज फार मोठा काढावा लागायचा. तो पोचायचा. मैदानापलीकडच्या रस्त्यावरचे सायकलवालेही पाय टेकून ऐकत थांबत.

त्यांची आणखी एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून झालं. नत्थूजींच्या तोंडून मी ‘फुटबॉल’ हा शब्द कधी ऐकला नाही. क्रिकेटला ते क्रिकेट म्हणत, हॉकीला हॉकी, कुस्तीला कुस्ती. ‘खेळ’ म्हणजे मात्र एकच. “आज खेळ आहे,” “त्याले खेळ समजत नाही,” “तुमच्या नगरले खेळ आहे काय?” असं. मी एकदा म्हटलं की आमच्याकडे कबड्डी जोरात असते. ते म्हणाले, “ते ठीक आहे, पण खेळ?” जगात दुसरंही काही खेळलं जातं, हे त्यांना माहीत होतं. ते त्यांच्या हिशेबी नव्हतं, एवढंच.

मी तिथं लागून चार-पाच वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. गरुड इलेव्हन जन्मापासून पहिल्या डिव्हिजनमध्ये होतं. तक्त्यात वर कधी सरकलं नाही, पण खालीही घसरलं नव्हतं, आणि नत्थूजींच्या आयुष्यात अभिमानाची जी दोन-तीन ठिकाणं होती त्यातलं हे पहिलं. त्या वर्षी मात्र गाडी अगदीच कडेला आली. शेवटचा एक सामना उरला होता. निदान बरोबरी झाली तर टिकणार, हरलो तर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जाणार, अशी अवस्था. आठवडा हातात होता, आणि शनिवारपर्यंत नवे खेळाडू नोंदवता येत होते. म्हणून सभासदांची तातडीची सभा बोलावली.

सभेत नत्थूजी उठले आणि मॅनेजमेंटच्या वीस वर्षांच्या चुका पहिल्यापासून सांगू लागले. अदबशीर गोलीपर्यंत आले असतील, तेवढ्यात शेठजींनी हात वर केला. शेठजी एरवी शांत माणूस, पण जावयाचा विषय पुढे आहे हे त्यांना दिसत होतं. ते म्हणाले, नत्थूजी, बोलणं सोपं असतं. आजपासून तुम्ही निवड समितीचे सदस्य. तुम्हीच आणा खेळाडू. देवतळे मास्तरांनी तिथल्या तिथे ठराव लिहून काढला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नत्थूजी उभेच होते. वीस वर्षं ज्या दारावर धडका मारल्या ते दार आतून कोणी एकदम उघडावं आणि माणूस तोल जाऊन आत पडावा, तसं त्यांचं झालं. घरी जाताना कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, “बापू, आता माह्यावर आलं.”

खेळाडू त्यांच्या डोक्यात होता. कामठीला एका स्पर्धेत त्यांनी एक लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या कडेचा फॉरवर्ड, पाहिला होता. नेहमीप्रमाणे गोलमागून आणि लांबून. चिखलात माखलेला, पण पायात वीज. लोक त्याला मुन्ना, मुन्ना म्हणून ओरडत होते. नाव कळलं, आणखी काय पाहिजे? गुरुवारी अर्धी रजा टाकून नत्थूजी कामठीच्या बसमध्ये बसले.

आता कामठीत किंवा आपल्या नागपुरात, कुठल्याही गल्लीत उभं राहून मुन्ना म्हणून हाक मारली तर चार दारं उघडतात, हे नत्थूजींना ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणून त्यांनी चहाच्या हॉटेलात नीट खुलासा करून विचारलं, की मुन्ना कुठे भेटेल, तो लेफ्टवाला, जो जबरदस्त खेळतो. हॉटेलवाला म्हणाला, लेफ्टी मुन्ना ना? पिंपळाच्या गल्लीत तिसरं घर. नत्थूजी गेले. तिशीचा, सडपातळ, बारीक मिशीचा एक माणूस ओट्यावर बसून विडीच्या पानांचा गठ्ठा सोडत होता. पुढचं बोलणं मला नंतर दोघांकडूनही वेगवेगळं ऐकायला मिळालं, आणि दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचाही फरक नव्हता.

“आमच्या क्लबाकडून खेळशीन का गा?”

“खेळीन ना. पण मले काम पाहिजे काका. इथलं काम सोडून येईन, तर पोट कसं भरन?”

“काम मी देतो. माहा शब्द आहे. लेफ्टच खेळते ना तू?”

“जन्मापासून लेफ्टीच आहो.”

“सामान लागन तर सांग.”

“सामान काही नाही लागत. स्ट्रायकर मी माहा आणतो.”

आता सेंटर फॉरवर्डला स्ट्रायकर म्हणायची पद्धत नुकती कुठे वर्तमानपत्रातून आमच्यापर्यंत आली होती. नत्थूजींनी हा शब्द मुद्दाम शिकून ठेवला होता, कारण तो मॅनेजमेंटला माहीत नव्हता. मुन्नाच्या तोंडून तो ऐकला आणि त्यांची खात्रीच पटली. फॉर्मवर मुन्नाची सही घेऊन ते संध्याकाळच्या बसने परत आले. बसस्टँडवरून घरी न जाता थेट माझ्या खोलीवर आले.

“एक आणाले गेलो बापू, अन् दोन भेटले,” ते म्हणाले. “लेफ्ट तर लेफ्ट, स्ट्रायकरही त्याचाच आहे. सोबत घेऊन येते. याले म्हणते भरती.”

मी विचारलं, दुसऱ्याचं नाव काय, त्याचा फॉर्म कुठे आहे? ते म्हणाले, मास्तर शनिवारच्या यादीत एका नावापुरती जागा कोरी ठेवतील, रविवारी सकाळी भरू. मास्तरांनी ठेवलीही. इतकंच नव्हे, समितीत नत्थूजींचा शब्द चालावा म्हणून शेठजींनी स्वतः मन मोठं करून जावईबापूंना मोकळं केलं. जावईबापू रुसून भंडाऱ्याला सासुरवाडीच्या लग्नाला निघून गेले. जुन्या लेफ्ट आऊटलाही या रविवारी तू आराम कर, म्हणून सांगितलं गेलं, आणि त्याने तो मनावर घेऊन गावाचा रस्ता धरला.

रविवारी सकाळभर नत्थूजी बसस्टँडवर उभे होते. बसेस आल्या, मुन्ना आला नाही. तो दुपारी साडेतीनला, सामन्याला अर्धा तास राहिला असताना, विचारत विचारत थेट मैदानावर आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चपला, केसांना तेल. एकटाच.

नत्थूजी धावत गेले. “स्ट्रायकर कुठी आहे?”

“आणला ना काका,” म्हणून मुन्नाने शर्टाच्या खिशातून एक पत्र्याची डबी काढली. झाकण उघडलं. आत मखमलीच्या तुकड्यावर रुपयाहून थोडा मोठा, गुळगुळीत, पांढरा, कॅरमचा स्ट्रायकर ठेवलेला होता. बाजूला कागदाच्या पुडीत बोरिक पावडर.

नत्थूजींनी डबीत पाहिलं. देवतळे मास्तरांनी चष्मा वर करून पाहिलं. शेठजी टोपी तिथेच ठेवून बघायला आले. या सगळ्या मंडळींचं आपल्या स्ट्रायकरवर एवढं लक्ष बघून मुन्नाला बरं वाटत होतं. मग त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, “बोर्ड कुठी आहे?”

आमच्या क्लबाच्या खोलीत कॅरमबोर्ड होता, सगळ्याच क्लबांत असतो. मुन्ना कामठीचा कॅरममधला नावाजलेला खेळाडू होता, डावखुरा. क्लबाकडून खेळशील का म्हणून एक भला माणूस दारात आला, लेफ्टी का म्हणून त्यानेच विचारलं, यात त्याला खटकण्यासारखं काय होतं? कुठला खेळ, हे दोघांपैकी कोणीच बोललं नव्हतं. नत्थूजींना ते बोलायची कधी गरजच पडली नव्हती.

परिस्थिती समजल्यावर मुन्ना बिचारा म्हणाला की अडत असेल तर मी उतरतो, लहानपणी पळायला चांगला होतो. नत्थूजींनी मान हलवून नको म्हटलं. एका थकलेल्या जुन्या हाफबॅकला पकडून पुढे ढकललं, तरी संघ दहाचाच झाला. ती दहा माणसं त्या दिवशी जीव तोडून खेळली. मला फुटबॉल कळत नाही, पण जीव तोडणं कळतं. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना आमच्यावर एक गोल झाला आणि गरुड इलेव्हन दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेलं. नत्थूजी गोलमागे उभे होते. त्या दिवशी पहिल्यांदाच आपले लोक तिकडे बऱ्याचदा आले, आणि पहिल्यांदाच नत्थूजींच्या तोंडून शब्द निघाला नाही.

पुढच्या सभेत ते उठले आणि एवढंच म्हणाले, “चूक माही आहे.” मग खाली बसले. आता सगळे धरून झोडपतील, असं मला वाटत होतं. पण शेठजी म्हणाले, चालायचंच, आणि देवतळे मास्तरांनी योग्य ती नोंद घेतली. मला वाटतं, त्यांना कोणी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुन्नाला मात्र त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला डेपोत घेऊन आले आणि मालकांना म्हणाले की या माणसाने माझ्या शब्दावर काम सोडलं आहे, याला ठेवत नसाल तर माझी जागा याला द्या. मालकांनी दोघांनाही ठेवलं. मुन्ना मोजणीला टेपचं दुसरं टोक धरू लागला. हात स्थिर आणि नजर पक्की, त्यामुळे काम पटकन शिकला. बायको-मुलांना घेऊन लकडगंजातच राहायला आला. आणि त्याच वर्षी शहरातल्या कॅरम स्पर्धेत त्याने गरुड इलेव्हनला कप आणून दिला. क्लबच्या आयुष्यातला तो पहिला कप. वार्षिक अहवालात मास्तरांनी लिहिलं की निवड समितीचे सदस्य श्री. बारापात्रे यांनी केलेली भरती या वर्षी विशेष फलदायी ठरली. नत्थूजींना हार घालून फोटो काढला. त्या फोटोत हसू आहे ते सगळं इतरांच्या चेहऱ्यावर.

यानंतर नत्थूजी गप्प झाले. सोमवारी डबा आणत, पण पाठ करून जेवत. मी दोनदा कागद पुढे केले. ते म्हणाले, “आता कोणत्या तोंडानं सांगू बापू? माही भरती पाह्यली ना तू.” रविवारी मात्र मैदानावर येत. दुसऱ्या डिव्हिजनचे सामने गावाबाहेर, बाभळीच्या झुडपांमधल्या मैदानांवर होत. तिथपर्यंत सायकल मारत येत, गोलमागे उभे राहत आणि तोंड मिटून बघत. खेळाडूंना ते सहन होईना. एकदा आमच्या बॅकने आपल्याकडचा चेंडू थेट समोरच्या फॉरवर्डच्या पायात दिला आणि मग सवयीने मान खाली घालून थांबला. काही आलं नाही. तो इतका गोंधळला की दुसऱ्यांदाही तेच केलं.

एके दिवशी देवतळे मास्तर डेपोत माझ्याकडे आले. खुर्चीच्या कडेवर बसले. पत्र येत नाही आठ महिने झाले, म्हणाले, आमचं काही चुकलं का?

मी हसलो. पण मास्तर हसत नव्हते. ते म्हणाले, “मी संघ निवडायला बसलो की आधी मनात यायचं, याला नत्थूजी काय म्हणतील. आता काही येतच नाही हो. हात चालत नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाले की त्यांना सांगा, पूर्वीसारखं लिहा म्हणावं, तुम्ही भाषा सौम्य केली नाहीत तरी चालेल.

मी निरोप दिला. नत्थूजींनी ऐकून घेतला. त्यांच्या घरी गेलो तर त्यांच्या पत्नी कौसल्याकाकूंची वेगळीच तक्रार. त्या म्हणाल्या, “मीठ जास्त झालं तरी बोलत नाही हा माणूस. बोलत जा म्हणावं बापू. घर खायले उठते.” नत्थूजी आत बसून ऐकत होते, आणि त्यावरही काही बोलले नाहीत. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. माणूस आजारी नाही, कोणावर रागावलेला नाही. आपला बोलायचा हक्क गेला, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं, आणि ते त्याच्या मनातून काढायचं कसं, हे आम्हां कोणालाच सुचत नव्हतं.

पुढे मला जळगावला एका बँकेत नोकरी लागली. मंगळवारी निघायचं होतं. शेवटचा रविवार म्हणून मी नत्थूजींबरोबर मैदानावर गेलो. सामना साधाच होता, हरलो-जिंकलो तरी कुठे वर-खाली होणार नव्हतो. आमच्या एका हाफबॅकची हळद होती त्या दिवशी आणि दोघं-तिघं त्याच्याकडे जेवायला गेलेले, त्यामुळे माणसं दहाच भरली. मास्तर कडेला येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी पाण्याची बादली घेऊन आलेल्या मुन्नाकडे पाहिलं, एक जर्सी त्याच्या अंगावर चढवली आणि त्याला मैदानात ढकललं. लेफ्ट आऊटच्या जागी.

मुन्नाकडे पहिला चेंडू आला. त्याने तो पायाने अडवला, मग वाकला, आणि कुठल्या कोनातून मारावा हे एक डोळा बारीक करून बघू लागला. तेवढ्यात समोरच्या माणसाने चेंडू पळवून नेलासुद्धा.

“काय करून राहिला बे तू मास्तर!” माझ्या शेजारून आवाज फुटला. मी दचकलो. दोन शेतं पलीकडे चरणारी म्हैसही मान वर करून बघायला लागली. “कॅरमवाल्याले कोणी लेफ्ट आऊट खेळवते काय? कोणी आणला त्याले? मॅनेजमेंटले अक्कल आहे का नाही?”

मग आमचे दहाच्या दहा खेळाडू हसत सुटले. समोरचा गोली काही कळत नसताना हसू लागला. मुन्ना तर पोट धरून खालीच बसला. नत्थूजींच्या ध्यानात आलं आपण काय बोललो ते. ओठ मिटले. कानापर्यंत लाल झाले. ते वळून सायकलकडे जाणार, तोच पलीकडच्या कडेवरून देवतळे मास्तर, शाळेतले ते सज्जन मास्तर, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, “मी उतरवला! माझी चूक! बोला, नत्थूजी, बोला!”

नत्थूजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मुन्नाकडे पाहिलं. मुन्ना उठून उभा राहिला आणि त्यांच्याकडे बघून हात हलवत होता.

मग ते बोलले. उरलेला सगळा वेळ, हाफ टाइम धरून, बोलले. मास्तरांना बोलले, रिकाम्या खुर्चीवरच्या टोपीला बोलले, हळदीच्या दिवशी सामना ठेवणाऱ्या असोसिएशनला बोलले, आणि मुन्नाला त्याने कुठे उभं राहायचं हे इतक्या बारकाईने सांगितलं की शेवटी एकदा चेंडू खरोखरच त्याच्या पायातून आमच्याच माणसाकडे गेला.

सामना आम्ही तीन गोलांनी हरलो. सायकल हातात धरून नत्थूजी लकडगंजपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. वाटभर एका हाताने मला दाखवत होते की या संघात कोण कुठे खेळायला हवा होता, आणि अशा मॅनेजमेंटच्या हाती क्लब दिल्यावर दुसरं काय होणार. घर आलं तरी ते थांबेनात. कौसल्याकाकू दारात आल्या, त्यांचा आवाज ऐकला आणि मागे वळून आत गेल्या. आतून चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. हरलेल्या सामन्यावरून परत येणारा इतका आनंदी माणूस मी त्यानंतर कुठे पाहिला नाही.